तिकिटावरची रत्नम्मा

लातूर,
रविवार, दुपार

प्रिय संगमेश,

काल तुझा फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा मी तो उशीखाली सरकवला. तुझ्या दाजींना वाटलं, त्या विमान कंपनीचाच असेल, म्हणून तेही काही बोलले नाहीत. खरं सांगू का, तुझ्याशी फोनवर बोलायचा मला कंटाळा आलाय. तू ‘हॅलो’च्या जागी ‘सॉरी अक्का’ म्हणतोस. मी ‘अरे, जाऊ दे’ म्हणते, तू पुन्हा सॉरी म्हणतोस, मागून बाळ रडायला लागतं आणि फोन बंद होतो. माझं पोटातलं पोटातच राहतं. म्हणून आज जेवणं उरकली, भांडी तशीच ठेवली आणि लिहायला बसले. किती वर्षांनी पेन हातात धरलंय, अक्षर वाकडं येतंय. पण तुला शुद्धलेखन मीच शिकवलं होतं, तेव्हा माझ्या चुका काढायच्या नाहीत.

आधी इकडचं सांगते. दाजींची तब्येत बरी आहे, आवाजही बरा आहे. दुकानात हमालावर ओरडले की घरापर्यंत ऐकू येतं. तनुजा लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला आईच्या रूपानं पहिलं अशील मिळालंय, त्यामुळे ती भलतीच खूश आहे. घरात खूश नसलेली मी एकटीच. सकाळी उठून देवाला हात जोडायच्या आधी मी मोबाईल बघते, कंपनीचं उत्तर आलंय का म्हणून. येतं की! रोज नाही, पण येतं. ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.’ खाली दर वेळी नवं नाव. मला वाटतं, तिथे माणसं नोकरीला टिकतच नाहीत, एकदा दिलगीर होऊन निघून जातात. फोन लावला तर यंत्र म्हणतं हिंदीसाठी अमुक दाबा, इंग्रजीसाठी तमुक दाबा. मराठीसाठी काही दाबायची सोय नाही. मग गाणं लागतं. माझ्या वरणाला फोडणी देऊन होते, भाकरी थापून होतात, गाणं चालूच. शेवटी एखादा मुलगा येतो आणि मला विचारतो, मॅडम, आपलं नाव काय? तिथेच माझं डोकं सटकतं.

त्या दिवशीचं सगळं मी तुला धड सांगितलेलंच नाही. तुझ्या घरात पाळण्याची गडबड होती, त्यात माझं रडगाणं कुठे लावायचं! आता सांगते, शेवटपर्यंत वाच.

तू बेंगळुरूच्या दवाखान्यातून तिकीट पाठवलंस तेव्हा मी देवळातून येत होते. रस्त्यातच उघडून बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तुझ्या घरात पाळणा हलणार होता आणि बाळाचं नाव ठेवायला आत्या विमानातनं येणार होती. मी तर चपला न घालताच निघाले असते. तिकिटावर रत्नम्मा असं नाव होतं, पुढे आमचं आडनाव. ते मी नीट वाचलं, संगू. घरी येऊन पुन्हा वाचलं. आणि मला त्यात काही खटकलंच नाही. तनुजा म्हणते, आई, तुझ्या लक्षात कसं आलं नाही? आता काय सांगू तिला? आपलं स्वतःचं नाव वाचताना कुणी थबकतं का? उलट मला इतकं बरं वाटलं की मी ते कुणाला दाखवलंसुद्धा नाही. दाखवलं असतं तर दाजींनी तिथल्या तिथे पकडलं असतं. आधारकार्डावर मंजुषा आहे, रेशनकार्डावर मंजुषा आहे, दुकानाच्या भागीदारीत मंजुषा आहे, हे त्यांना पाठ आहे.

दाजींनी मला गाडीनं नांदेडला सोडलं. पिशवीत कुंची होती, माझ्या हातची, जुन्या इरकलीच्या काठाची. शेंगापोळ्या होत्या, वाळे होते. आणि मनात एक नाव होतं. पाळण्याशी जाईपर्यंत आत्यानं नाव कुणाला कळू द्यायचं नाही, ही आपल्या आईची पद्धत तुला ठाऊक आहे. दाजींनी वाटेत तीनदा काढून घ्यायचा प्रयत्न केला, अहमदपूरला चहा पाजून पुन्हा एकदा केला. मी नाही सांगितलं. विमानतळाच्या दारात मला उतरवून ते लगेच माघारी वळले, दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं म्हणे. त्यांचं गिऱ्हाईक नेहमीच थांबलेलं असतं.

दारावरच्या पहारेकऱ्यानं कार्ड बघितलं, मोबाईल बघितला, आणि नाव वेगळं आहे म्हणाला. चांगला बोलला बिचारा, कंपनीच्या खिडकीवर जा म्हणाला. खिडकीतली मुलगी इथलीच होती. मी तिला म्हटलं, बाई, हे माहेरचं नाव आणि ते सासरचं, माणूस एकच आहे. ती हसली. म्हणाली, “काकू, माझ्या आजीचं बी असंच हाय. बसा तुमी, करून देते.” दारावर सांगून तिनं मला आत नेलं आणि बाकावर बसवलं. ते ‘करून देते’ ऐकून मी निर्धास्त झाले. तिथेच फसले.

थोड्या वेळानं शेजारी एक म्हातारेसे गृहस्थ येऊन बसले. अमृतराव, किनवटकडच्या इस्लापूरचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मुलाकडे बेंगळुरूला निघाले होते. त्यांच्या नावात काही भानगड नव्हती, तरी त्यांनाही थांबा म्हणून सांगितलं होतं. आम्ही गप्पा मारत बसलो. बाकीचे लोक आमच्यासमोरून पुढे जात होते, बॅगा तोलून घेत होते. मी मधूनमधून त्या मुलीकडे बघायची, ती नजर चुकवायची. मग टाय लावलेला एक साहेब आला. अमृतरावांना म्हणाला, विमान भरलंय, दिलगीर आहोत, परवाच्या विमानानं पाठवतो. आणि मला म्हणाला, तुमचं नाव जुळत नाही, तुम्हाला जाता येणार नाही. मी म्हटलं, परवा जाऊन काय करू, बारसं उद्या सकाळी आहे. आणि नाव जुळत नव्हतं तर मला आत कशाला आणून बसवलंत? तो त्याच्या कागदांकडे बघत राहिला. अमृतराव उठून उभे राहिले आणि त्यांचा कंडक्टरचा आवाज असा निघाला की सगळी माणसं वळून बघायला लागली. “अहो साहेब, जागंपरीस जास्ती तिकिटं इकून बसलाव तुमी, ते कबूल करा की. म्या बी यष्टीत जलम काढलाय. जागा नसली तर मान्साला हुबं ऱ्हा म्हनलो. पन तुझं नावच खोटं हाय असं कुनाला म्हनलो न्हाई कधी!”

साहेबावर काही परिणाम झाला नाही. काचेतून विमान जाताना दिसलं. मी दाजींना फोन लावला, ते अर्ध्या वाटेवरून परत आले. तोवर मी आणि अमृतरावांनी त्या बाकावर बसून शेंगापोळ्या खाल्ल्या. मी पोळी परत पिशवीत ठेवायला लागले, तर ते म्हणाले, “खा ताई, भांडायला ताकद लागंल.” परतीच्या वाटेवर दाजी एकदाही ओरडले नाहीत. त्यांच्याकडून एवढं प्रेम मला पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही व्हिडिओ कॉल लावलात. तुम्ही आठवणीनं लावलात, मी नाही म्हणत नाही. पण संगू, कुणीतरी तो मोबाईल कशाला तरी टेकवून ठेवला होता आणि मला पंख्याचं पातं आणि एका बाईचा खांदा दिसत होता. माझ्या जागी तुझ्या पूनमच्या बहिणीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, सगळे हसले, ते मला नुसतं ऐकू आलं. मी इकडे काठापदराची साडी नेसून, केसांत गजरा माळून पलंगावर बसले होते. मग तू मोबाईल उचललास आणि ‘अक्का, दिसलं का?’ म्हणालास. मी ‘हो, छान दिसलं’ म्हणाले. मला काहीही दिसलं नव्हतं. तू विचारलंस रागावलीस का, मी नाही म्हणाले. तेही खोटं. मला फार राग आला होता. तुझा आला, पूनमच्या बहिणीचा आला, त्या मुलीचा आला, टायवाल्याचा तर आलाच. घरातलं कुणी समोर आलं की त्याच्यावर तो निघत होता. दाजींनी दोन दिवस दुकानातच डबा मागवला.

बाळाचं नाव सृष्टी ठेवलंत, ते गोड आहे. मी मनात नेलेलं नाव आता कुणाला सांगणार नाही, तू विचारलंस तरी नाही. सांगितलं की तू हौसेनं ते घरात वापरायला लागशील, मी तुला ओळखते. एका पोरीला दोन नावं असली की काय होतं ते मी भोगलंय. तिला एकच राहू दे.

तुला आठवतं का माझ्या लग्नातलं? तू दहा वर्षांचा असशील. इथे लातूरच्या घरी उंबरा ओलांडला आणि लगेच ताटात तांदूळ पसरून ठेवले. दाजींनी अंगठीनं त्यात नाव लिहिलं. मला कुणी आधी विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलंही नव्हतं. सासूबाई शेजारणीला म्हणत होत्या, “रत्नम्मा म्हंजे लई कानडी वाटतंय बाई. हितं पेठंत चारचौघात कसं सांगावं?” आता बघ, ज्यांच्या मुलाचं नाव चंद्रप्पा, त्यांना सून मात्र मंजुषा पाहिजे होती! तू पाटाजवळ उकिडवा बसून अक्षरं लावत होतास. वाचून झाल्यावर मोठ्यानं विचारलंस, “ही मंजुषा कोन हाय?” सगळी माणसं पोट धरून हसली. मीही हसले. पेढे वाटले, तांदूळ गोळा करून नेले आणि संध्याकाळी कुणीतरी ‘मंजुषा’ म्हणून हाक मारली तेव्हा मी वळून बघितलंच नाही. नवी सून ऐकत नाही, गर्विष्ठ आहे, असं त्यावरून चार दिवस घरात चाललं होतं.

मग सवय झाली. कशाचीही होते. मंजुषानं संसार केला, दुकान सांभाळलं, पोरगी वाढवली, बचत गटाची अध्यक्षही झाली. मला त्या नावाचा राग नाही. पण निलंग्याला बस थांबली आणि पुढे आपल्या गावच्या जीपमध्ये बसलं की मी मनातल्या मनात रत्नम्मा व्हायचे. आई दारातूनच आपल्या कानडीत ‘ये, ये’ म्हणून हाक मारायची, “रत्नम्मा, बा बा!” आणि मी पिशव्या टाकून आत पळायची.

असो. भांडणाचं सांगत होते. तनुजानं कायद्याची पुस्तकं उलथीपालथी करून कंपनीला तक्रार लिहिली. जागेपेक्षा जास्त तिकिटं विकून प्रवाशाला मागे ठेवलं तर कंपनीनं भरपाई द्यायची असते, असा सरकारी नियमच आहे. अमृतरावांना ती मिळाली. त्यांनी आठवणीनं फोन करून सांगितलं, “ताई, माजी जमा झाली. तुमची?” माझी कसली येते! मला उत्तर आलं की आपणास नाकारलेलं नाही, आपली ओळखपत्रं अपुरी होती. म्हणजे एकाच बाकावर, एकाच वेळेला, एकाच विमानातून दोघांना खाली ठेवलं. त्यांचं कारण विमान आणि माझं कारण मी. कुणाला तरी वगळायचं होतं, तर जिच्या नावात फट सापडली तिला वगळलं. त्यात त्यांची भरपाईही वाचली. मला पैसे नकोत असं मी म्हणणार नाही, एवढी मी साध्वी नाही, हवेतच. पण त्यांनी लिहून द्यावं की बाई, आमच्याकडे जागा नव्हती, तुमची चूक नव्हती. एवढं वाक्य लिहायला त्यांच्या हाताला काय धाड भरलीय ते कळत नाही.

अमृतराव साक्ष द्यायला तयार आहेत. तनुजानं कंपनीला कळवलं की आम्ही ग्राहक आयोगात जातोय. तेव्हा कुठे तिकडून खऱ्या माणसाचा फोन आला, मराठीत बोलणाऱ्या. म्हणाला, ताई, मिटवून टाकू, तुम्हाला पूर्ण रक्कम देतो. फक्त एक कागद सही करून पाठवा. कागद आला. त्यात होतं की तिकिटावरील रत्नम्मा हे नाव माझे नाही, ते चुकीने टाकले गेले आणि माझी कंपनीविरुद्ध तक्रार नाही.

दाजी म्हणाले, “कर की सही. एवढ्यानं काय झीज होती का तुजी? सुटशील एकदाची.” मी पेन उघडलं, कागद टेबलावर सरळ केला. आणि माझा हात उचलेना. दाजींना वाटलं चष्मा पाहिजे, त्यांनी आणून दिला. मी म्हटलं, मला वाचता येतंय, म्हणूनच सही होत नाही. त्यांनी चष्मा परत डबीत घातला. मग ते हळू आवाजात म्हणाले, “तुला त्ये नाव एवढं आवडत व्हतं, तर तवाच सांगायचं व्हतंस.” मी म्हटलं, मला विचारलं कोणी होतं? ते उठले, बंडी घातली आणि दुकानात गेले. रविवार होता, दुकान बंद होतं.

तो कागद मी सही न करता ठेवून दिला. त्यावरून घरात अजून धुसफूस चालू आहे. आणि त्यातच परवा तुझं कुरिअर आलं. मी हे पत्र लिहायला बसले ते त्यासाठी. तू आपण होऊन स्टॅम्पपेपर आणलास, वकिलाकडून लिहून घेतलंस, शिक्का मारून घेतलास, की माझ्या बहिणीचे नाव मंजुषा असताना मी नजरचुकीने रत्नम्मा असे चुकीचे नाव टाकले, सबब दोष माझा आहे. माझं काम सोपं व्हावं म्हणून केलंस, मला कळतंय. पण ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. कंपनीनं ते नाव माझं नाही म्हटलं तेव्हा मला राग आला होता. तू म्हटलंस तेव्हा मला पायाखाली काही राहिलं नाही असं वाटलं. अरे, आई गेल्यापासून त्या नावानं मला हाक मारणारं कुणी नाही. तू अक्का म्हणतोस, तनुजा आई म्हणते, दाजी ‘ऐकलंस का’ म्हणतात, बाकीचं जग मंजुषाताई. मला वाटत होतं, ती पोरगी आईबरोबरच मातीत गेली. आणि बाप झाल्याच्या आनंदात, काही विचार न करता, बहिणीचं म्हणून पहिलं जे नाव तुझ्या बोटांतून उतरलं ते तेच निघालं. त्याला चूक म्हणू नकोस. तुझा कागद मी सोबत परत पाठवतेय, फाडून टाक आणि मला पुन्हा सॉरी म्हणू नकोस. तनुजा म्हणते, आयोगात दुसरा एक कागद चालतो: दोन नावांची बाई एकच आहे असं रक्ताच्या माणसानं शपथेवर सांगायचं. त्यानं मी जिंकेन की हरेन, ठाऊक नाही. हरले तरी भांडायचं सोडणार नाही. पण रक्ताचं माणूस आता तू एकटाच आहेस, म्हणून तो कागद मला तुझ्याकडून हवाय. वकिलाला फार लांबण लावू देऊ नकोस. एवढंच लिही, की रत्नम्मा नावाची मला एक बहीण आहे, आणि ती हयात आहे.

तुझीच,
अक्का